दुसऱ्या खंडाची पाठ

६ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी गुडघे हे अंग सध्या संपावर आहे, तेव्हा उरलेल्या सातांचा स्वीकार व्हावा.

वहिनीकडून कळलं की डॉक्टरांनी तुला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय आणि तू घड्याळ लावून गच्चीवर बरोबर तीस मिनिटं चालतोस, एकतिसाव्याला खुर्चीत. हृदयाला कायद्याचं अक्षर कळत नाही रे, त्याला भावार्थ लागतो. दोन-चार मिनिटं वर चाललास तर कोणी हरकत घेणार नाही.

इकडे सगळं ठीक. ऑफिसच्या दोन्ही खोल्या तू सोडून गेलास तशाच आहेत, फक्त तुझ्या खुर्चीत आता उंटीण बसते. ही माझी नवी सहकारी. इतकी उंच आहे की उभी राहिली की मला पंख्याची काळजी वाटते. हे नाव मी ठेवलेलं नाही, तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं, "कॉलेजात मला उंटीण म्हणायचे, तुम्हीही म्हणा, नाहीतर पाठीमागे म्हणाल." तिला आपली पद्धत शिकवायला गेले. म्हटलं, कितीही मोठा खटला असो, टिपण एकाच पानाचं. दादांचा तसा नियमच होता. मी पान करायची, ते पान हातात घेऊन दादा कोर्टात उभे राहायचे. बाबांनी लहानपणी आम्हा दोघांकडून सूत्रं घोकून घेतली त्याचा हा परिणाम. ज्याचं एक पान होत नाही तो खटला समजलेलाच नाही, असं दादा म्हणायचे.

ती म्हणाली, "मग बाकीची चारशे पानं कोण वाचायचं?"

मी म्हटलं, "ती वाचल्याशिवाय एक पान होतं का?"

ती "हं" म्हणाली. दादा, त्या "हं"मध्ये अख्खा पूर्वपक्ष होता.

आता बातमी. मी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी विधी सेवा समितीकडून तुरुंगात जाते, हे तुला ठाऊक आहे. ज्यांची अपिलं फेटाळली गेली आणि पुढे काय करायचं ते कोणीच सांगितलं नाही, अशांना भेटायचं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर हात कसे धुवावेत त्याचं चित्र, आणि दाराशी एक हवालदार. तो शब्दकोडं सोडवत असल्याचं दाखवतो आणि एकूण एक शब्द ऐकतो.

जानेवारीत तिथल्या एका कैद्याचा अर्ज आला होता. एकच ओळ: माझं अपील कोणी चालवलं ते कळावं. माणूस बाइंडर आहे. बाहेर असताना शाळांच्या वह्या, जुनी पुस्तकं, दुकानांची रजिस्टरं बांधायचा, आत आल्यापासून तुरुंगाच्या छापखान्यात तेच करतो. अकरा वर्षं झाली. कागदाच्या एका व्यापाऱ्याला त्याच्याच गोदामात डोक्यात घाव घालून मारलं, असा गुन्हा. दोन दिवस आधी ओल्या कागदाच्या गठ्ठ्यांवरून दोघांचं भांडण झालं होतं, ते सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. आणि गोदामामागच्या घरातल्या बाईंनी साक्ष दिली की सव्वासात वाजता तो मागच्या दाराने बाहेर पडला, गल्लीतल्या दिव्याखाली त्याचा चेहरा आपण स्पष्ट पाहिला. भांडण आणि चेहरा. जन्मठेप झाली.

परवा जाताना त्याचं पेपरबुक पिशवीत घालून नेलं होतं. उंटिणीसारखे नवे लोक हल्ली ते पडद्यावर वाचतात, पण तेव्हा खालच्या कोर्टाचे सगळे कागद छापून, बांधून वकिलाच्या हातात देत. दोन खंड, जाडजूड.

त्याने आधी विचारलं, "बाई, माझं अपील किती वेळ चाललं?"

"सतरा मिनिटं."

"सतरा," तो म्हणाला. "एका रजिस्टरला टाके घालायला मला वीस लागतात."

मग म्हणाला, "मी त्या वकीलसाहेबांना कधी पाहिलं नाही. त्यांनीही मला पाहिलं नसणार. कागदांत माझा फोटो तरी होता का?"

फोटो नव्हता. मी पेपरबुक पुढे सरकवलं. पहिला खंड त्याने हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि बोट ठेवलं. "हा वाचलाय. इथपर्यंत." मग दुसरा घेतला. उलटा केला, कडेवरून नख फिरवलं, कानाजवळ नेऊन जरासा वाकवला.

"हा कोणी उघडलेलाच नाही, बाई."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाठीवर एक घडी नाही. कापल्यावर कडा एकमेकींना धरून बसतात, पहिल्यांदा उघडताना सुटतात. ह्या सुटलेल्या नाहीत. आणि ही घाईतली, सरसाची बांधणी आहे. उघडली की एकदा वाजणारच. ही अजून वाजलेली नाही."

हवालदाराने कोडं खाली ठेवलं.

मी उघडून बघायला हात पुढे केला, तर त्याने खंड स्वतःकडे ओढून घेतला. "उघडू नका. तुम्ही उघडलंत की माझ्याकडे काय राहिलं?"

अकरा वर्षांत त्या माणसाला भेटलेला सगळ्यात हुशार वकील तो स्वतःच आहे.

मग मी कोर्टाच्या अभिलेख विभागातून दुसरी प्रत मिळवली आणि दुसरा खंड वाचला. त्यात साक्षीदार क्रमांक सात आहे. वीज कंपनीचा कर्मचारी. सरकार पक्षाने त्याला फक्त खांब कुठे आहे ते सांगायला बोलावलं होतं. उलटतपासणीत खालच्या कोर्टातल्या वकिलाने सहज विचारावं तसं विचारलं आहे, त्या दिवशी दिवा चालू होता का? उत्तर, पान दोनशे एकतीस: "नाही. केबल बदलायची होती म्हणून सहा ते नऊ पूर्ण गल्लीचे दिवे बंद होते. माझ्या नोंदवहीत आहे." थंडीचे दिवस होते, साडेसहाला काळोख पडतो. ज्या दिव्याखाली चेहरा दिसला तो दिवा लागलेलाच नव्हता.

खालच्या निकालपत्रात या उत्तराचा उल्लेख नाही. अपिलाच्या निकालातही नाही. म्हणजे अपिलात ते कोणी मांडलंच नाही.

एवढी बातमी सांगून झाल्यावर विनंती करायची. पेपरबुक आपल्याच कपाटात सापडलं. त्याच्यावर आपल्या ऑफिसचा शिक्का आहे. आठ वर्षांपूर्वी ते अपील समितीने तुझ्याकडे दिलं होतं आणि तू चालवलं होतंस. सतरा मिनिटं हा आकडा तुझ्याच डायरीतला आहे.

जुना निकाल मागे घेऊन अपील पुन्हा ऐकावं असा अर्ज करते आहे. घटनेने गरिबालाही अपिलात वकील दिला आहे, पण या माणसाला वकिलाचा कोट मिळाला, वकील मिळालाच नाही, असं म्हणावं लागणार. ते म्हणायला तुझं शपथपत्र हवं: दुसरा खंड वाचला गेला नव्हता. मसुदा सोबत जोडला आहे. एकच पान आहे, तुझ्या आवडीचं.

रागावशील हे धरून चालले आहे. रागावून झाल्यावर सही कर. अर्ज यशस्वी होणार याबद्दल मला शंका नाही, आणि तुझ्या सहीबद्दलही फारशी नाही. वहिनीला सांग, तिने पाठवलेल्या कुंडीला पान फुटलं.

तुझं
शेंडेफळ


२० फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. पोस्टात अजून कार्डं मिळतात आणि ती तूच विकत घेतोस, या दोन्हींची एकदमच खात्री पटली. मजकूर इथे उतरवते, कारण इतका आटोपशीर मजकूर बाबांनंतर मी पाहिलेला नाही:

"त्या अपिलात मी टिपणावरून बोललो. टिपण कोणाचं?"

मसुदा परत केला नाहीस, सही केली नाहीस, आशीर्वादही दिला नाहीस. फक्त प्रश्न विचारलास. तू पंचवीस वर्षं उलटतपासणी केलीस आणि सगळ्यात चांगली घरच्यासाठी राखून ठेवलीस.

टिपण माझं.

मागच्या पत्रात मी काय लिहिलं ते पुन्हा वाचलं. "दुसरा खंड वाचला गेला नव्हता." कोणाकडून, ते नाही. बाबांच्या वर्गात अशा वाक्याला कर्ता विचारला जायचा आणि तो सांगितल्याशिवाय खाली बसता यायचं नाही. तेव्हा उभी राहूनच सांगते.

पेपरबुक आलं तेव्हा मी पहिला खंड वाचला. तोही शेवटपर्यंत नाही. बाइंडरने बोट ठेवलं होतं ती जागा बरोबर होती, त्याच्या बोटाला मी मनातून घाबरले त्याचं कारण तेच. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला साक्षीदारांची यादी असते. सातव्या नावापुढे छापलं होतं: वीज कंपनी, खांबाची जागा. मी पानावर लिहिलं: "साक्षीदार ७, औपचारिक." म्हणजे कागदोपत्री बोलावलेला, वाचला नाही तरी चालेल असा. दोन शब्द आणि एक आकडा. मला त्या ओळीचा अभिमान वाटला होता, हे सांगायला सगळ्यात जड जातंय.

का वाचला नाही, तेही सांगते. त्या आठवड्यात मला संस्कृत परिषदेत निबंध वाचायचा होता. विषय आठवतो तुला? सूत्रवाङ्मयातील शब्दलाघव. कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त कसं सांगावं यावर मी चौतीस पानं लिहिली होती आणि ती कापत बसले होते. दुसरा खंड टेबलाच्या कोपऱ्यावर होता. त्याच्यावर मी चहाचा कप ठेवायची. निबंध गाजला, बक्षीस म्हणून टेबलावरचं घड्याळ मिळालं. ते अजून चालतं. तू त्या सोमवारी माझं पान घेऊन कोर्टात उभा राहिलास आणि सतरा मिनिटं त्या पानात होतं ते सगळं बोललास. उत्तम बोललास. पान कमी पडलं.

तू वाचायला हवं होतंस की नाही, हा प्रश्न मी तुझ्यासाठी सोडते. तो माझा नाही. माझ्या वाट्याचं एवढंच.

आता जे केलं ते. परवा समितीकडे जाऊन मी या खटल्यातून वकील म्हणून बाहेर पडले. ज्याने चूक केली त्यानेच ती चूक सिद्ध करायला उभं राहायचं हे कोर्टाला चालणार नाही, आणि मलाही साक्षीदाराच्या जागी बसायचं आहे. माझं शपथपत्र झालं. त्यात टिपण आहे, चहाचा कप आहे, निबंधही आहे. समितीच्या सचिवांनी विचारलं, "निबंधाची गरज आहे का?" म्हटलं, आहे. यावेळी काही गाळायचं नाही.

खटला उंटिणीकडे गेला. त्यासाठी तिने आपल्या ऑफिसातून नाव काढून घेतलं, सगळं सामान दोन पिशव्यांत भरून समोरच्या इमारतीत गेली. म्हणाली, "तुमच्या खुर्चीत बसून तुमच्याविरुद्ध कसं बोलू? आणि खरं सांगू, खुर्ची मला लहानच पडत होती." तुझी खुर्ची पुन्हा रिकामी आहे.

बाइंडरलाही सांगितलं. मुद्दाम दुसऱ्यांदा गेले. म्हटलं, ते टिपण माझं होतं. तो म्हणाला, "मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

म्हटलं, "धीर झाला नाही."

"आता झाला?"

"आता भावाचं कार्ड आलं."

तो हसला नाही. पण जायला उठले तर म्हणाला, "तो खंड नीट ठेवा. वर कप ठेवू नका." कपाची गोष्ट तोवर मी सांगितलीच नव्हती, दादा. पुठ्ठ्यावरचा गोल डाग त्याने पहिल्याच दिवशी पाहिला होता.

माझ्या एकटीच्या शपथपत्राने भागणार नाही. सरकारी वकील म्हणतील, मदतनिसाने नाही वाचलं, वरिष्ठांनी वाचलं असेल. त्याचं उत्तर जगात एकाच माणसाकडे आहे आणि तो गच्चीवर तीस मिनिटं चालतो. कोरा कागद पाठवते. यावेळी मसुदा नाही. तुला जे खरं वाटेल ते लिही, नाही लिहिलंस तरी तुझ्याशी अबोला धरणार नाही. तेवढी शिस्त मला कधीच जमलेली नाही. पण तू लिहिशील.

तुझं उभं असलेलं
शेंडेफळ


१६ एप्रिल

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार, आज आठही अंगांनी. गुडघ्यांनी कुरकुर केली, ती नोंदवून घेतली.

चार पानं. दादा, तू चार पानं लिहिलीस. पाकीट हाताला जड लागलं तेव्हा वाटलं वहिनीने कुंडीसाठी बी पाठवलं असेल. उंटिणीला वाचायला दिलं तर तिने पानं मोजून पाहिली आणि म्हणाली, "हे तेच दादा?"

पण एका गोष्टीबद्दल भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही. चार पानांत टिपणाचा उल्लेख नाही. "पेपरबुक वाचणे हे माझे काम होते. ते दुसऱ्या कोणावर सोपवता येण्यासारखे नव्हते. मी ते केले नाही. अपीलदाराला मी भेटलो नाही, भेटावे असे मला सुचलेही नाही." मी कुठेच नाही. तू मला गाळलंस. आयुष्यभर मी तुझ्यासाठी गाळत आले, तू एकदाच गाळलंस आणि तेही चुकीचं. कागद तसाच दाखल झाला, बदलायला वेळ नव्हता. वेळ होता, खरं म्हणजे. तो बदलायला तुला सांगावं असं वाटलं नाही.

सुनावणी गेल्या बुधवारी झाली. डॉक्टरांनी तुला प्रवासाची परवानगी दिली नाही हे एका अर्थी बरं झालं, कारण तू असतास तर मधे बोलला असतास.

न्यायमूर्ती बाई आहेत, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी दोन्ही शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"भाऊ म्हणतात चूक माझी. बहीण म्हणते चूक माझी. या घरात वाटणीवरून उलटंच भांडण दिसतंय."

कोर्ट हसलं. मी साक्षीदारांच्या बाकावर होते, मला हसावं की नाही ते कळेना.

सरकारी वकील उठले. शांत माणूस, मुद्द्याचं बोलतो. म्हणाले, "वकील दिला होता. नावाजलेला दिला होता. तो हजर होता, उभा राहिला, बोलला. हरलेल्या प्रत्येक कैद्याने आठ वर्षांनी म्हणायचं की वकिलाने पान वाचलं नाही, तर कुठलाच निकाल शेवटचा राहणार नाही. उद्या जो तो पुस्तकाची पाठ हातात घेऊन इथे येईल."

न्यायमूर्ती म्हणाल्या, "येऊ देत. निदान वकील पुस्तकं उघडायला लागतील."

मग उंटीण उभी राहिली. दादा, ती कोर्टात उभी राहते तेव्हा पंखे खरोखरच थांबल्यासारखे वाटतात. हातात टिपण नव्हतं. दोन्ही खंडांची प्रत होती, कडेला रंगीत कागदांच्या चिठ्ठ्या, इतक्या की पुस्तकाला पिसं फुटल्यासारखं दिसत होतं. ती म्हणाली, "घटनेने आरोपीला वकील दिला तो शेजारी माणूस असावा म्हणून नाही. अपिलात आरोपी स्वतः बोलत नाही, साक्षीदार येत नाहीत. अपिलात फक्त कागद बोलतो. जो कागद वाचत नाही तो कितीही वेळ उभा राहिला तरी अपीलदार एकटाच असतो. आणि त्याने वाचला असता तर काय फरक पडला असता, हे मी सांगत नाही. पान दोनशे एकतीस सांगेल."

आणि तिने ते उत्तर वाचलं. सहा ते नऊ. पूर्ण गल्लीचे दिवे बंद. माझ्या नोंदवहीत आहे.

सरकारी वकिलांनी पान उलटून स्वतः पाहिलं. पुन्हा पाहिलं. खाली बसताना म्हणाले, "या उत्तराबद्दल मला काही सांगायचं नाही." त्या माणसाबद्दल माझं मत त्या क्षणी वर गेलं.

न्यायमूर्तींनी मूळ पेपरबुक मागवलं. दुसरा खंड उंटिणीने कापडात गुंडाळून आणला होता, मी आणलेला नव्हता. मला हात लावायची बंदी आहे. त्यांनी तो उलटसुलट केला, पुठ्ठ्यावरचा गोल डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं. बाइंडर बाजूला दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता. त्याला विचारलं, "उघडू का?"

आठ वर्षांत त्या अपिलात त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

तो म्हणाला, "आता उघडा."

त्यांनी मधोमध उघडला. कडाड् असा आवाज झाला, सरसाचा. मागच्या बाकावरच्या लोकांनीही माना वर केल्या. कडेची पानं एकमेकींपासून सुटताना बारीक चिरचिर ऐकू येत होती. मी आयुष्यात पुष्कळ निकाल ऐकले, पण त्या आवाजाइतका स्पष्ट एकही नव्हता.

न्यायमूर्तींनी लगेच निकाल सांगितला. कोणाची चूक किती हे ठरवायची त्यांना गरज वाटत नाही, खंड उघडला नाही यावर बहीणभावांचं एकमत आहे आणि तेवढं पुरे. वकील असणं आणि बचाव होणं यात अंतर पडलं, ते अपीलदाराने भरून काढायचं नसतं. जुना निकाल मागे. अपील सहा आठवड्यांत नव्याने ऐकायचं, उंटिणीनेच चालवायचं, आणि तोवर जामीन. आपल्या दोघांबद्दल एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं लिहिते: "दोघांनीही उशिरा का होईना, सत्य पूर्ण वाक्यात सांगितले." बाबांनी दिलं असतं त्याहून हे प्रशस्तिपत्र बरं आहे. बाबांनी "पूर्ण" हा शब्द जास्तीचा आहे म्हणून काढायला लावला असता.

अपील तो जिंकणार. दिवा लागलेला नव्हता, तो आता कोणालाच लावता येणार नाही.

परवा सकाळी तो बाहेर आला. बहीण न्यायला आली होती, गाडीत बसायच्या आधी तो माझ्याकडे आला. आपल्या प्रतीची पाठ मोडली, ती कोर्टाने परत दिली की तुमच्याकडून बांधून घेऊ का, असं मी विचारलं. बोलायला काहीतरी हवं होतं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "नको. आता सपाट उघडतंय ना, तसंच राहू दे."

मग विचारलं, "ते मोठे साहेब कुठे असतात?"

सांगितलं. तब्येतीचंही सांगितलं, चिडायला जाणार असाल तर जपून, असंही सांगितलं.

"चिडायचं की काय ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी त्यांना बघितलं नाही, त्यांनी मला बघितलं नाही. तेवढं राहिलंय."

सोमवारी त्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावायची असते, म्हणून रविवार ठरवला आहे. कोर्टाकडून गावाबाहेर जायची परवानगी उंटिणीने घेतली. २६ तारखेला सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतो, अकरापर्यंत पोचू. त्याने विचारलं, त्यांच्यासाठी काय नेऊ? म्हटलं, काही नको. तरी तो एक वही बांधतो आहे, कोरी, चारशे पानांची. तुझ्यासाठी की स्वतःसाठी ते सांगत नाही.

घंटा वाजली की वहिनीला पाठवू नकोस. तीस मिनिटं त्या दिवशी आधीच चालून घे. दार तू उघड.

तुझी, दोन्ही खंड वाचलेली
धाकटी बहीण